आईकडून बाळाला एचआयव्ही : औषध आहे, मग बाळं निसटतात कुठे?

(एपिसोडची लिखित आवृत्ती. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी.)



हेडफोन लावून ऐकत असाल तर ठीक आहे. स्पीकरवर ऐकत असाल तर आणखी चांगलं, कारण आजचा विषय घरातल्या बाकीच्यांच्या कानावर पडला तर बरंच होईल. विषय आहे आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण, आणि ती थांबवण्यात गावाचा, शेजारपाजाऱ्यांचा, आणि मुख्य म्हणजे एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांचा वाटा.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बी.टेक. केलेला साधा सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मूळचा गोंदिया जिल्ह्यातला. त्यामुळे कोणती गोळी, किती डोस, हे माझ्याकडून घेऊ नका, ते एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. मी आज सिस्टिमबद्दल बोलणार आहे. सिस्टिम कुठे गळते हे शोधणं, हेच माझं रोजचं काम आहे ना!

तर सुरुवात एका हिशोबाने करू.

समजा एखाद्या कामात सात पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर १०० पैकी ९० लोक पुढे जातात. ऐकायला मस्त वाटतं, ९० टक्के म्हणजे डिस्टिंक्शन! पण सात पायऱ्यांनंतर किती उरतात? मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा. १ ला ०.९ ने सात वेळा गुणा. उत्तर येतं साधारण ०.४८. म्हणजे शंभरातले फक्त ४८ शेवटपर्यंत पोचले. प्रत्येक पायरीवर थोडीथोडी गळती, आणि शेवटी निम्म्याहून जास्त गायब.

आता त्या शंभर जणी म्हणजे शंभर गरोदर बायका आहेत आणि शेवटच्या पायरीवर एक बाळ आहे, असं समजा. आजचा अख्खा एपिसोड याच गळतीबद्दल आहे.

आधी विज्ञान, थोडक्यात

एचआयव्ही असलेल्या आईकडून बाळाला लागण तीन वेळा होऊ शकते : पोटात असताना, बाळंतपणाच्या वेळी, आणि अंगावरच्या दुधातून. काहीच उपचार केले नाहीत तर १०० पैकी १५ ते ४५ बाळांना लागण होते. म्हणजे उपचार नसतानाही निम्म्याहून जास्त बाळं वाचतात. 'आईला आहे म्हणजे बाळाला असणारच' हे जे आपल्याकडे सर्रास बोललं जातं, ते मुळातच चूक आहे.

आणि उपचार नीट झाले तर? आई रोज गोळी घेते, रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, ज्याला व्हायरल लोड म्हणतात, ते अगदी खाली जातं, बाळाला जन्मानंतर काही आठवडे औषध मिळतं. मग हा धोका ५ टक्क्यांच्या खाली येतो, आणि सगळं वेळेवर झालं तर २ टक्क्यांच्याही खाली.

हे एका दिवसात झालेलं नाही. १९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या अभ्यासात एझेडटी या औषधाने लागण साधारण दोन तृतीयांशाने कमी झाली. १९९९ मध्ये युगांडातल्या अभ्यासात नेव्हिरॅपिनचा एक डोस आईला कळा सुरू झाल्यावर आणि एक डोस बाळाला, एवढ्यावर लागण जवळपास निम्म्यावर आली. भारतात २००२ पासून सरकारी कार्यक्रमात हेच एका डोसचं औषध वापरलं गेलं.

मग आपल्या पुण्याची एक गोष्ट आहे. बी. जे. मेडिकल कॉलेज आणि ससून रुग्णालयात आलेल्या आया आणि त्यांची बाळं एका मोठ्या अभ्यासात सहभागी झाली. सोबत इथिओपिया आणि युगांडाही होते. प्रश्न असा की बाळाला एकाच डोसऐवजी सहा आठवडे रोज नेव्हिरॅपिन दिलं तर? २००८ मध्ये निकाल छापून आले. सहाव्या आठवड्यापर्यंत लागण जवळपास निम्म्याने कमी. पण सहा महिन्यांनी बघितलं तेव्हा फरक बराच कमी झाला होता. का? औषध थांबलं होतं आणि दूध चालू होतं. म्हणजे धोका जोपर्यंत चालू, तोपर्यंत संरक्षण चालू पाहिजे.

त्यातूनच पुढचा विचार आला : संरक्षण आईच्याच अंगात ठेवा. आईला आयुष्यभर उपचार द्या. भारताने २०१४ पासून हे धोरण देशभर घेतलं. गरोदर बाई पॉझिटिव्ह आली की तिचे उपचार सुरू, आणि बाळंतपणानंतरही ते चालूच. यात अजून एक मोठी गोष्ट घडली, जी पटकन लक्षात येत नाही. जुन्या पद्धतीत सगळं लक्ष बाळावर होतं. बाळाला वाचवायला आईला एक डोस, आणि नंतर ती तिच्या घरी. आता आईसुद्धा पेशंट म्हणून मोजली जाते. तिलाही जगायचंय ना! आणि बाळाला जिवंत, धडधाकट आई हवीच आहे.

सात पायऱ्या

तर औषध आहे, सरकारी केंद्रात फुकट आहे. मग गळती कुठे? पायऱ्या मोजू.

एक, गरोदरपणात लवकर नाव नोंदवणं आणि तपासणी करून घेणं. दोन, रिपोर्ट हातात येणं आणि समुपदेशकाकडून तो नीट समजणं. तीन, एआरटी केंद्रात नाव नोंदवून गोळ्या सुरू होणं. चार, बाळंतपणापर्यंत रोज गोळी, आणि शेवटच्या महिन्यांत व्हायरल लोडची तपासणी. पाच, बाळंतपण दवाखान्यात, आणि तिथल्या स्टाफला बाळाच्या औषधाची तयारी ठेवता येईल अशा बेताने. सहा, बाळाला ठरलेल्या काळापर्यंत औषध, आणि सोबत दूध पाजण्याचा योग्य सल्ला. सात, बाळाच्या तपासण्या : सहा आठवड्यांनी, मग सहा महिने, बारा महिने, आणि शेवटची अठराव्या महिन्यात.

अठरा महिने का? कारण आईच्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात बरेच महिने राहतात. म्हणून मोठ्यांची साधी टेस्ट लहान बाळाला केली तर बाळ निगेटिव्ह असूनही पॉझिटिव्ह दिसू शकतं. त्यासाठी टाचेला टोचून रक्ताचे थेंब एका कागदी कार्डावर घेतात, वाळवतात, आणि ते कार्ड लॅबला पाठवतात. तिथे थेट विषाणूच शोधला जातो.

पहिल्या तपासणीपासून शेवटच्या तपासणीपर्यंत मोजा. सहा-सात महिने गरोदरपणाचे, दीड वर्ष बाळाचं. दोन वर्षांहून जास्त काळ एका बाईला ही वाट धरून ठेवायची आहे. आणि बहुतेक वेळा, कोणाला न सांगता.

आता हे सगळं गोंदियात आणून ठेवू

गोंदिया १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला जिल्हा. आठ तालुके. उत्तरेला मध्य प्रदेशाचा बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड. हावडा-मुंबई लाईनवरचं मोठं जंक्शन. धानाचा जिल्हा. धानाची कामं संपली की बरेच तरुण बाहेर पडतात, कोणी नागपूरला, कोणी हैदराबादला, कोणी सुरतेला, आणि माझ्यासारखे काही पुण्याला, फरक एवढाच की आम्हाला एसी ऑफिस मिळतं.

आता एक बाई डोळ्यांसमोर आणा. ही खरी व्यक्ती नाही, मी समजायला सोपं जावं म्हणून उभी केली आहे. तिला आपण 'ती' म्हणू. सासर आमगाव तालुक्यात. माहेर बालाघाट जिल्ह्यात. आमच्याकडे सीमेपलीकडे सोयरीक होणं अगदी रोजचं आहे, नकाशावरची रेघ लग्न जुळवताना कोणी बघत नाही. नवरा बाहेरगावी कामाला. पहिलटकरीण.

तिसऱ्या महिन्यात उपकेंद्रात सिस्टरने बोटाला टोचून तपासणी केली. पुढे आयसीटीसीत खात्री झाली. पॉझिटिव्ह. गोळ्या सुरू झाल्या, पण गोळ्यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं. घरी सांगणार काय? 'रक्त कमी आहे, त्याच्या गोळ्या.' ठीक, एकदा चाललं. मग आली रोवणी. आषाढ-श्रावणात धानाची रोवणी सुरू झाली की दिवस उजाडायच्या आत बाया बांधीत असतात. त्या आठवड्यात 'मला गोंदियाला जायचंय' म्हटलं की प्रश्न येणारच : 'आत्ता? कशाला?' एक तारीख चुकली.

मग सातवा महिना. ओटी भरली, आणि ती माहेरी गेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला नियम! आता बघा काय झालं. तिची फाईल महाराष्ट्रात, ती मध्य प्रदेशात. गोळ्या एका महिन्याच्या. तिथल्या दवाखान्यात ती सांगेल का? आई सोबत आहे, मावशी सोबत आहे, वॉर्डात शेजारच्या गावच्या बाया आहेत. केंद्र बदलून घेण्याची सोय आहे, 'सोच' नावाची देशपातळीवरची संगणक प्रणालीही आहे. पण 'ही बाई अमुक तारखेला तिकडे येतेय' हे कोणीतरी आधी सांगायला लागतं. सॉफ्टवेअरमध्ये ती नोंद आपोआप उगवत नाही. हे मी सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतोय.

बाळ झालं. आजीने कौतुकाने बोट मधात बुडवून बाळाला चाटवलं. मग गुटी. मग साखरेचं पाणी. आपल्याकडे हे सगळं मायेने करतात. पण सल्ला असा आहे की पहिले सहा महिने बाळाला निव्वळ आईचं दूध, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध. बाकी काही नाही. मध्येच वरचं काही दिलं की बाळाचं कोवळं आतडं दुखावतं, आणि दूध आणि वरचं असं मिसळून दिल्याने लागणीचा धोका वाढतो. आता ती आपल्या आईला 'मध नको' म्हणणार कशी? कारण काय सांगणार? दुसऱ्या टोकाला, कोणी तिला वरच्या दुधाचा डबा हातात दिला तर शेजारीण विचारणार, 'अगं, अंगावर का नाही पाजत?'

बघा, हिच्या गोष्टीत औषधाची टंचाई कुठेच नाही. डॉक्टरही वाईट नाहीत, सासूही दुष्ट नाही, आजी तर मायाळूच आहे. तरीही प्रत्येक पायरी निसरडी आहे, आणि निसरडी कशाने झाली? गुपिताने.

गाव जाळं आहे, आणि गावच भीती आहे

आता कोणी म्हणेल, सोपं आहे. आशाताई आहेत, अंगणवाडीताई आहेत, ग्राम आरोग्य समिती आहे. गावाला सोबत घ्या. 'लोकसहभाग' हा शब्द प्रत्येक सरकारी फलकावर असतोच.

आशाताईंबद्दल मला प्रचंड आदर आहे. २००५ पासून हे काम सुरू आहे, आणि आज गरोदर बाईचं नाव लवकर नोंदवलं जातं, बाळंतपण दवाखान्यात होतं, यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. पहिली पायरी आणि पाचवी पायरी त्यांच्यामुळेच भक्कम झाली.

पण आशाताई त्याच गावची असते, तिची निवडच तशी होते. तीच तिची ताकद. ती कोणाची तरी जाऊ, कोणाची तरी नणंद, कोणाची तरी बालमैत्रीण. आणि एचआयव्हीच्या बाबतीत नेमकी हीच अडचण होते. आशाताईने तोंडातून शब्द काढला नाही तरी ती एकाच घरी वारंवार का जाते, हे ओटा पाहत असतो. म्हणजे जी ओळख बाकी सगळ्या कामांत उपयोगी पडते, तीच इथे बाईला घाबरवते.

पुण्याच्या 'प्रयास' संस्थेचा आरोग्य गट बरीच वर्षं महाराष्ट्रात खासगी दवाखान्यांबरोबर या कार्यक्रमावर काम करत होता. त्यांनी या कार्यक्रमातून मध्येच निसटणाऱ्या बायकांचा अभ्यास केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणाआधी कोण निसटतं? कमी शिकलेली, गरीब घरची, उशिरा नाव नोंदवलेली. हे अपेक्षितच होतं. पण चौथं कारण बघा : जिचा नवरा एचआयव्ही निगेटिव्ह आहे, ती.

मला वाटतं, याचा अर्थ उघड आहे. दोघंही पॉझिटिव्ह असतील तर निदान घरात एक माणूस असतो ज्याच्याशी बोलता येतं. नवरा निगेटिव्ह असेल तर सगळं बोट तिच्याकडे. 'तुला कुठून आलं?' या एका प्रश्नाला घाबरून ती दवाखान्यापासूनच लांब जाते. आणि तिच्यासोबत बाळही.

म्हणून नुसतं 'गावाला सोबत घ्या' म्हणून भागत नाही. विचारायला हवं, गावातलं कोण?

जिने वाट चालली आहे, ती

या प्रश्नाचं एक उत्तर महाराष्ट्रातच आहे. सांगलीत १९९२ मध्ये मीना सेषू यांच्या पुढाकाराने 'संग्राम' ही संस्था सुरू झाली. त्या काळात एचआयव्हीवरचं काम म्हणजे वरून येणारा उपदेश. गोकुळनगरच्या वेश्याव्यवसायातल्या बायकांना 'धोका पसरवणाऱ्या' म्हणून बघितलं जायचं. संग्रामने उलटं केलं. कंडोम वाटायचं, समजावायचं, दवाखान्यात सोबत जायचं, हे सगळं त्या बायकांच्याच हातात दिलं. पुढे त्यांनी स्वतःची संघटना उभी केली, 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'. ज्यांना प्रश्न भोगावा लागतो, त्यांनाच उत्तराचं नेतृत्व द्यायचं. तीस वर्षांपूर्वी हे धाडसाचं होतं, आज जगभर तेच तत्त्व सांगितलं जातं.

आई-बाळाच्या बाबतीत हेच तत्त्व दक्षिण आफ्रिकेत वापरलं गेलं. २००१ मध्ये केप टाऊनमध्ये 'मदर्स टू मदर्स' नावाची संस्था सुरू झाली. कल्पना साधी : जी बाई स्वतः एचआयव्हीसह जगते आणि या वाटेवरून एकदा गेली आहे, तिला प्रशिक्षण द्या, पगार द्या, आणि दवाखान्याच्या टीममध्ये घ्या. तिचं काम काय? आजच रिपोर्ट हातात पडलेल्या मुलीच्या शेजारी बसायचं आणि सांगायचं, 'मलाही असंच झालं होतं. हा माझा मुलगा. तो निगेटिव्ह आहे.'

विचार करा, हे वाक्य कोणता डॉक्टर म्हणू शकतो? कोणतं पोस्टर म्हणू शकतं?

भारतातही एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे गट राज्या-राज्यांत, जिल्ह्या-जिल्ह्यांत आहेत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रस्ते बंद असताना अनेक ठिकाणी अशाच लोकांनी गोळ्या लोकांपर्यंत पोचवल्या. कोणाच्या घरी थेट जायचं आणि कोणाला चौकात भेटायचं, कोणाच्या घरी माहीत आहे आणि कोणाच्या घरी नाही, हे त्यांना ठाऊक होतं. कुरियर कंपनीला ते कधीच कळणार नाही.

आता 'ती'च्या गोष्टीत अशी एक मैत्रीण घालून बघू. तिच्या गावची नाही, मुद्दामच दुसऱ्या तालुक्यातली. रोवणीच्या आधीच ती आठवण करते, 'डॉक्टरांना विचार, या वेळी जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतील का.' सातव्या महिन्याआधी विचारते, 'माहेरी कधी जाणार?' आणि केंद्राला सांगून तिकडच्या केंद्राला कळवून ठेवते. मध-गुटीचं काय करायचं यावर तिच्याकडे तयार तोडगा असतो, कारण तिने स्वतः तो वापरलेला असतो : 'सिस्टरने सगळ्याच बाळांना सहा महिने वरचं बंद सांगितलंय, असं आईला सांग.' आणि हे खरंच आहे, सल्ला सगळ्याच बाळांसाठी तोच आहे! खोटं बोलायचीही गरज नाही. आणि अठराव्या महिन्याची तारीख तिच्या लक्षात असते, कारण स्वतःच्या बाळाच्या वेळी ती तारीख तिने बोटांवर मोजली होती.

आता पुन्हा कॅल्क्युलेटर काढा. प्रत्येक पायरीवर ९० ऐवजी ९८ जणी टिकल्या तर सात पायऱ्यांनंतर किती? साधारण ८७. ४८ वरून ८७. नवं औषध नाही, नवं मशीन नाही.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगायला हवी. हे काम समाजसेवा म्हणून फुकटात त्या बायकांवर ढकलायचं नाही. गाडीभाडं, मानधन, प्रशिक्षण, आणि टीममध्ये बसायला खुर्ची, हे द्यावं लागेल. आपण ऑफिसात सपोर्ट इंजिनिअरला ऑन-कॉलचे पैसे देतोच की!

माझ्या इंजिनिअर मित्रांसाठी दोन मिनिटं

मला माहितीये, ऐकणाऱ्यांपैकी काहींच्या डोक्यात आत्तापर्यंत ॲप तयार झालं असेल. रिमाइंडर पाठवू, ट्रॅक करू, डॅशबोर्ड करू. जरूर करा. पण आधी एक प्रश्न विचारा : फोन कोणाचा आहे?

गावात बऱ्याच घरी फोन एक, वापरणारे चार. नोंदवलेला नंबर नवऱ्याचा, नाहीतर दिराचा. त्या फोनवर 'आपली एआरटी गोळी घेण्याची वेळ झाली' असा मेसेज लॉक स्क्रीनवर चमकला, तर आपण रिमाइंडर पाठवला नाही, आपण तिचं गुपित फोडलं. म्हणून मेसेज पाठवायचा की नाही, कोणत्या नंबरवर, किती वाजता, आणि त्यात शब्द कोणते, हे त्या बाईने ठरवायचं. तिला मेसेज नको असेल तर 'नको' हे बटण आधी. ॲपचं डिझाईन करताना अशा चार बायकांना टेबलावर बसवा आणि त्यांना पैसे द्या. त्या जे सांगतील ते पुण्या-बंगळुरूच्या कुठल्याच मीटिंगमध्ये सुचणार नाही.

आणि हे नुसतं सौजन्य नाही, कायदाही आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून देशात लागू आहे. तपासणी संमतीशिवाय करायची नाही. माहिती गुप्त ठेवायची. नोकरी, शाळा, दवाखाना, घर, कुठेही भेदभाव करायचा नाही. आणि गरोदर बाई पॉझिटिव्ह आहे म्हणून तिच्या संमतीशिवाय गर्भपात किंवा नसबंदी करायची नाही. मूल हवं की नको, हा निर्णय तिचा.

मग आपण काय करायचं?

जगात हे जमलेलं आहे. २०१५ मध्ये क्युबा हा आईकडून बाळाला होणारी एचआयव्ही आणि सिफिलिसची लागण संपवल्याचं जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाणपत्र मिळवणारा पहिला देश ठरला. मग २०१६ मध्ये थायलंड, २०१९ मध्ये आपला शेजारी श्रीलंका. हे प्रमाणपत्र देताना नुसते आकडे बघत नाहीत. मानवी हक्क, स्त्री-पुरुष समानता आणि समुदायाचा सहभाग हेही तपासतात. कारण अनुभव असा की त्याशिवाय आकडे टिकत नाहीत.

आपल्यापुरतं बघायचं तर चार गोष्टी.

पहिली, मुलांनो, ही तुमच्यासाठी. बायको गरोदर आहे म्हटल्यावर पहिल्या तपासणीला सोबत जा आणि स्वतःचीही तपासणी करून घ्या. कामासाठी महिनोन्महिने बाहेर राहत असाल तर नक्कीच. गरोदरपणाच्या सुरुवातीला निगेटिव्ह आलेल्या बाईला नंतर लागण झाली, तर त्या ताज्या लागणीत विषाणूंचं प्रमाण फार जास्त असतं आणि बाळाला मोठा धोका असतो. म्हणून जोखीम वाटत असेल तर नंतर पुन्हा तपासणी करून घ्या. आणि सोबत गेलात की 'तुला कुठून आलं' हा प्रश्नच वेगळा होतो. तो 'आपण आता काय करायचं' असा होतो.

दुसरी, घरात गरोदर बाई माहेरी निघाली की बॅगेत साडी-लुगड्यांसोबत तिची सगळी कागदपत्रं आणि औषधं आहेत का, एवढं बघा. आजार कोणताही असो, न विचारता हे करता येतं. सगळ्याच बायकांसाठी ही सवय लागली, तर जिला खरंच गरज आहे ती त्यात वेगळी दिसणार नाही.

तिसरी, ग्रामसभेत, गावच्या आरोग्य समितीत तुम्ही किंवा घरचं कोणी असेल तर एक प्रश्न विचारा : गरोदर बायकांची एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी गावातल्या आरोग्य दिवसाला होते का, किट असतं का? नावं विचारायची नाहीत. कोण पॉझिटिव्ह आहे हे गावाला कळायची काहीही गरज नाही. सोय आहे की नाही, एवढंच गावाने बघायचं.

चौथी, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाबद्दल 'तिला तो आजार आहे म्हणे' असा मेसेज आला, तर तो तिथेच थांबवा. पुढे पाठवू नका, आणि पाठवणाऱ्याला फोन करून डिलीट करायला सांगा. एवढ्या एका मेसेजने एखादी बाई गोळ्या आणायला जाणं बंद करू शकते. आणि तिच्या पोटात बाळ असू शकतं.

काही विचारायचं असेल तर राष्ट्रीय एड्स हेल्पलाईन आहे : १०९७. फुकट आहे. नाव सांगायची गरज नाही. तुमच्या जवळचं तपासणी केंद्र कुठे आहे हेही तिथे विचारता येतं.

आणि ऐकणाऱ्यांमध्ये अशी कोणी असेल, जिच्या हातात नुकताच रिपोर्ट पडला आहे आणि जी हे हेडफोन लावून, आवाज बारीक करून ऐकते आहे, तर ताई, तुम्हाला एवढंच सांगतो. तुमचं बाळ निगेटिव्ह जन्माला येऊ शकतं, निगेटिव्ह राहू शकतं, आणि तुम्ही त्याला मोठं होताना बघू शकता. हजारो जणींनी बघितलंय. समुपदेशकाला विचारा, 'माझ्यासारखी कोणी आहे का, जिच्याशी मला बोलता येईल?' हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

बाकीच्यांनी, एपिसोड आवडला तर शेअर करा. विशेषतः त्या मित्राला, जो लवकरच बाप होणार आहे.

भेटू पुढच्या वेळी. काळजी घ्या!